यिप्पी म्हणजे नेमके कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठच्या दशकातल्या अमेरिकेबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, हिप्पी भेटतातच. मधूनच कुठेतरी ‘यिप्पी’ असा शब्द येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की प्रूफ नीट तपासलेलं नाही. प्रूफ बरोबर असतं. हिप्पी वेगळे, यिप्पी वेगळे, आणि काही वर्षांनी आलेले यप्पी तर अगदीच वेगळे. हा गोंधळ इतक्यांचा होतो की प्रश्न ठरल्यासारखे तेच ते येतात. म्हणून ही उत्तरं एका जागी.

थोडक्यात सांगा, यिप्पी कोण होते?

व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या अमेरिकन तरुणांमधलं एक वात्रट टोळकं. केस हिप्पींसारखे, गांजाही हिप्पींसारखाच, पण डोकं सतत राजकारणात. सभा, ठराव, पत्रकं यांचा त्यांना कंटाळा होता. त्याऐवजी सोंगं काढायची, सरकारची टर उडवायची आणि ती दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येईल असं बघायचं, ही त्यांची रीत. कागदोपत्री नाव ‘यूथ इंटरनॅशनल पार्टी’. पक्ष म्हणायचं ते नावापुरतं. सभासद नोंदणी नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. ‘मी यिप्पी’ असं जो म्हणेल तो यिप्पी. झेंडा मात्र होता: काळ्या कापडावर लाल चांदणी आणि तिच्यावर गांजाचं हिरवं पान.

हा शब्द काढला कुणी?

याचा दिवससुद्धा माहीत आहे: ३१ डिसेंबर १९६७. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात अ‍ॅबी हॉफमन आणि त्याची बायको अनिता यांच्या घरी मंडळी जमली होती. जेरी रुबिन, त्याची मैत्रीण नॅन्सी कुर्शान आणि ‘द रिअ‍ॅलिस्ट’ नावाचं टवाळखोर मासिक चालवणारा पॉल क्रास्नर, हे सगळे होते. गांजाचा धूर होताच. पुढच्या ऑगस्टमध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरणार होतं. तिथे जाऊन काय धमाल करायची यावर खल चालला होता. पण धमाल करणाऱ्यांना म्हणायचं काय? नुसतं हिप्पी म्हटलं तर राजकारण गळतं आणि नुसतं युद्धविरोधक म्हटलं तर मजा गळते.

क्रास्नरने अक्षरं फिरवून पाहिली आणि ‘यिप्पी’वर येऊन थांबला. इंग्रजीत आनंदाने ओरडतात तोच हा उद्गार, आपल्या ‘हुर्रे’च्या जातीचा. पुढे तो सांगायचा की, मी नवी गोष्ट जन्माला घातली नाही. नशापाणी करणारे हिप्पी आणि राजकीय कार्यकर्ते एकमेकांत मिसळायला लागलेच होते, मी फक्त त्या मिश्रणाला नाव दिलं.

पण ‘यिप्पी’ हा तर यूथ इंटरनॅशनल पार्टीच्या आद्याक्षरांवरून झाला ना?

बऱ्याच ठिकाणी असंच लिहिलेलं असतं, पण क्रम उलटा आहे. आधी ओरडा सुचला, मग त्याच्या अक्षरांत यूथ, इंटरनॅशनल आणि पार्टी बसवली. अनिता हॉफमनचं म्हणणं असं की, आपल्याला ‘यिप्पी’ पुरेल, पण न्यूयॉर्क टाइम्ससारख्या पेपरांना भारदस्त नाव लागतं, ते द्यायला हवं. ‘पार्टी’ या शब्दाला इंग्रजीत पक्ष आणि मौजमजा असे दोन्ही अर्थ आहेत, हीही सोय झाली.

मला तरी या गटाची सगळी कुंडली इथेच दिसते. संघटना उभी राहिली आणि मग तिला नाव मिळालं, अशी एरवीची रीत. यिप्पींनी आधी मथळा तयार केला आणि त्याखालची बातमी नंतर घडवायला घेतली. त्या रात्री पाच-सहा डोकी होती. जानेवारीत पत्रकं निघाली, आणि पेपरवाले ‘यिप्पी ही चळवळ’ असं लिहायला लागले तेव्हा चळवळ अजून तयार व्हायची होती.

‘यूथ’ म्हणजे हे सगळे कॉलेजातली पोरं होती का?

छे. ‘तिशीच्या वरच्या कुणावर विश्वास ठेवू नका’ असं त्या काळी जो तो म्हणायचा, आणि हॉफमन शब्द जन्माला येण्याच्या महिनाभर आधी ३१ वर्षांचा झाला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावचा हा माणूस ब्रँडाइस विद्यापीठात मानसशास्त्र शिकला होता. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी त्याने काम केलं होतं, आणि मिसिसिपीतल्या सहकारी गटांनी बनवलेल्या वस्तू न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटून विकल्या होत्या. रुबिन २९ वर्षांचा. आधी वार्ताहर, मग बर्कलीत व्हिएतनामविरोधी आंदोलनाचा पुढारी. १९६६ साली अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने त्याला बोलावलं, तर हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकाचा गणवेश चढवून गेला. क्रास्नर तर संपादकच. म्हणजे बिनकामाची टाळकी नव्हती ही. पेपरात काय छापून येतं आणि काय केराच्या टोपलीत जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हिप्पी, बीटनिक आणि यिप्पी यांत फरक काय?

काळाने सगळ्यात आधीचा बीटनिक. सान फ्रान्सिस्कोचा स्तंभलेखक हर्ब केन याने एप्रिल १९५८ मध्ये तो खिजवण्यासाठी काढला. रशियाचा स्पुतनिक सोडून सहाच महिने झाले होते, त्यामुळे बीट पिढीच्या, म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या बंडखोर, लेखक-कवींना ते रशियन शेपूट लागलं. हिप्पी हा शब्द ‘हिप’वरून आलेला. १९६५ मध्ये त्याच शहरातल्या पेपराने हेट-अ‍ॅशबरी भागातल्या तरुणांसाठी तो वापरला आणि तिथून तो जगभर गेला.

ही दोन्ही नावं बाहेरच्यांनी चिकटवलेली. यिप्पींनी आपलं नाव आपणच ठेवलं, आणि तेही पेपरवाल्यांना आवडेल असं. वागण्यातला फरक सांगायचा तर, हिप्पीला समाजापासून लांब जायचं होतं आणि यिप्पीला समाजाच्या दिवाणखान्यात, थेट टीव्हीच्या पडद्यावर, घुसायचं होतं. पक्के हिप्पी यांना ‘भांडखोर’ म्हणत. पक्के डावे म्हणत ‘विदूषक’.

युरोपातले सख्खे भाऊ शोधायचे तर अ‍ॅमस्टरडॅमचे ‘प्रोव्हो’. १९६५ ते १९६७ अशी दोनच वर्षं टिकले. शहरात पांढऱ्या सायकली ठेवाव्यात, कुणीही घ्याव्यात आणि कुठेही सोडाव्यात, ही त्यांची टूम. पोलिसांना चिडवून त्यांच्याकडूनच त्यांचं हसं करवून घ्यायचं तंत्र यिप्पींच्या आधी त्यांनी वापरलं.

शेअर बाजारात नोटा उधळल्याची गोष्ट खरी आहे का?

खरी, पण यिप्पी हे नाव पडायच्या आधीची. २४ ऑगस्ट १९६७ रोजी हॉफमन आणि त्याचे सोबती न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या प्रेक्षक-सज्जात गेले आणि तिथून एकेक डॉलरच्या नोटा खाली भिरकावल्या. खाली सौदे करणारे सुटाबुटातले दलाल क्षणभर थांबले. काहींनी शिव्या घातल्या, काही नोटा गोळा करायला वाकले. एकूण किती डॉलर उधळले याचे आकडे हॉफमन स्वतःच दर वेळी निराळे सांगायचा.

आत कॅमेरे नव्हते, त्यामुळे या प्रसंगाचा फोटोच नाही. तरी अमेरिकेत आजही तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगितला जातो. नंतर बाजाराने सज्जाला काच लावून घेतली.

आणि पेंटॅगॉन हवेत उचलणार होते ते?

२१ ऑक्टोबर १९६७. वॉशिंग्टनला लिंकन स्मारकापाशी एक लाखाच्या आसपास माणसं जमली. त्यातली हजारो पुढे पेंटॅगॉनवर गेली. हॉफमनने जाहीर केलं होतं की, संरक्षण खात्याच्या इमारतीभोवती कडं करायचं, मंत्र म्हणायचे आणि इमारत अधांतरी उचलून आतलं भूत उतरवायचं. मंत्र झाले. इमारत जागची हलली नाही. पण लष्करी मुख्यालयाला भूतबाधा झाली आहे, हे वाक्य देशभर छापून आलं, आणि हॉफमनला हवं होतं ते तेवढंच.

डुकराला राष्ट्रपतिपदाची उमेदवारी दिली ती का?

कारण त्यांच्या मते उभ्या असलेल्या उमेदवारांपेक्षा ते बरं होतं. डुकराचं नाव पिगॅसस. ग्रीक पुराणातल्या पंखवाल्या घोड्याच्या नावाची ही मोडतोड.

यातला मजेशीर भाग म्हणजे डुकरावरून झालेलं भांडण. हॉफमनने आणलेलं डुक्कर रुबिनला पसंत पडेना. फारच गोंडस, म्हणाला. मग रुबिन आणि लोकगायक फिल ऑक्स यांनी आणखी मोठं आणि बेढब डुक्कर शोधलं. पैसे ऑक्सने दिले. जनावर पासष्ट किलोच्या घरात होतं. २३ ऑगस्ट १९६८ रोजी शिकागोच्या सिव्हिक सेंटरसमोर, पिकासोच्या भल्या थोरल्या शिल्पापाशी, उमेदवारी जाहीर होऊ लागली. रुबिन पिगॅससच्या वतीने भाषण वाचत होता. भाषण संपायच्या आत पोलिसांनी रुबिन, ऑक्स आणि आणखी पाच जणांना गाडीत घातलं. डुकरालाही. पोलिसांसाठी ‘पिग’ ही तेव्हाची ठरलेली शिवी, त्यामुळे पोलीस डुकराला पकडताहेत हे दृश्य यिप्पींना आयतंच मिळालं.

शिकागोत नेमकं काय घडलं?

आधी ते वर्ष कसं होतं ते ध्यानात घ्या. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचं पाच लाखांवर सैन्य. मार्चअखेर अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची. किंग यांच्या हत्येनंतरच्या दंगलीत शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी जाळपोळ करणाऱ्यांना ठार मारण्यासाठी गोळी घाला, असा हुकूम दिला होता. अशा माणसाच्या शहरात यिप्पींना ‘जीवनाचा उत्सव’ भरवायचा होता.

काय वाढून ठेवलंय याची चुणूक आधीच मिळाली होती. २२ मार्चच्या मध्यरात्री न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात यिप्पींनी मौजेसाठी मेळावा बोलावला. सहा हजारांच्या आसपास पोरं आली. कुणीतरी मधल्या घड्याळावर चढून काटे काढले. पोलीस लाठ्या घेऊन तुटून पडले आणि एका वार्ताहराला काचेच्या दारावर आपटलं. त्या रात्रीचं नियोजन शून्य होतं. गर्दीला बाहेर पडायला वाट कुठली, एवढंसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. यिप्पींबद्दल माझी पहिली तक्रार हीच. सोंग पुढाऱ्यांचं आणि डोकं फुटायचं ते सतरा वर्षांच्या पोराचं.

शिकागोने मैदानात रात्री राहायची परवानगी नाकारली. यिप्पींनी अफवा सोडली की आम्ही शहराच्या पाण्यात एलएसडी, म्हणजे भास घडवणारं नशेचं रसायन, कालवणार. अख्ख्या शहराला पुरेल इतकं एलएसडी आणायचं कुठून, हा हिशोब कुणी केला नाही. पाणी शुद्धीकरण केंद्रांवर पहारा मात्र बसला. शहरात जवळपास १२,००० पोलीस, शिवाय नॅशनल गार्ड आणि लष्कराचे हजारो जवान. निदर्शक सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास.

२५ ऑगस्टला लिंकन पार्कमध्ये गाण्याची मैफल ठरली होती. बोलावलेल्यांपैकी बहुतेक आलेच नाहीत. आले ते डेट्रॉइटचे ‘एमसी५’. मंच म्हणून ट्रक आणू दिला नाही, तेव्हा ते गवतावरच उभं राहून वाजवू लागले. रात्री अकराला पार्क रिकामा करायची वेळ झाली आणि अश्रुधूर व लाठ्या सुरू झाल्या. असं सलग काही रात्री चाललं. २८ तारखेला मिशिगन अव्हेन्यूवर हिल्टन हॉटेलासमोर पोलिसांनी निदर्शकांना टीव्ही कॅमेऱ्यांच्या झोतात तुडवलं आणि ‘सगळं जग बघतंय’ ही घोषणा उठली. आठवडाभरात ६६८ जणांना अटक झाली. पुढे डिसेंबरमध्ये सरकारने नेमलेल्या वॉकर समितीच्या अहवालात याला ‘पोलिसांची दंगल’ असे शब्द वापरले गेले.

त्याच २८ तारखेची हॉफमनची गोष्ट. आज आपला फोटो पेपरात यायला नको, असं त्याच्या मनात आलं. म्हणून सकाळी कपाळावर लिपस्टिकने एक अर्वाच्य शिवी लिहिली, ती छापता येणार नाही म्हणून. वर टोपी घालून न्याहारीला गेला. पोलिसांनी टोपी वर करायला लावली आणि अश्लीलतेबद्दल उचललं. तो दिवस कोठडीत गेला.

शिकागोच्या गोंधळावरून पुढे भरलेल्या खटल्यात मंत्र म्हटले गेले होते, हे खरं का?

हो. यिप्पींच्या गोतावळ्यात कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग होता. १९६२-६३ मध्ये तो मुंबई, कलकत्ता, काशी असा भारतात राहून गेला होता. लिंकन पार्कात पळापळ होत असताना लोकांना शांत करण्यासाठी त्याने तासन् तास ओंकार लावला. डिसेंबर १९६९ मध्ये साक्षीला उभा राहिला तेव्हा पिंजऱ्यातच ‘हरे कृष्ण’ म्हणून दाखवलं. न्यायाधीशांनी सुनावलं की या कोर्टाची भाषा इंग्रजी आहे.

खटला आठ जणांवर होता: हॉफमन, रुबिन, डेव्हिड डेलिंजर, टॉम हेडन, रेनी डेव्हिस, जॉन फ्रॉइन्स, ली वायनर आणि कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे बॉबी सील. आरोप असा की, दंगल माजवण्याच्या इराद्याने राज्याची हद्द ओलांडली. हा कायदाच १९६८ सालचा, कोरा करकरीत. न्यायाधीशांचं नाव ज्यूलियस हॉफमन. अ‍ॅबीला एवढं पुरे होतं. ‘हा माझाच बाप’ म्हणून तो त्यांना महिनोन् महिने छळत राहिला. एक दिवस तो आणि रुबिन न्यायाधीशाचे काळे झगे घालूनच आले. झगे उतरवायला लावले, तर आत शिकागो पोलिसांचे शर्ट.

सील यांचा खटला मध्येच वेगळा काढला गेला. उरलेल्या सातही जणांना फेब्रुवारी १९७० मध्ये ज्यूरीने कटाच्या आरोपातून सोडलं. पाच जणांना भडकावण्याच्या इराद्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली आणि १९७२ मध्ये अपिलात तीही रद्द झाली.

या खटल्यावर २०२० साली ओटीटीवर आलेल्या ‘द ट्रायल ऑफ द शिकागो ७’ या सिनेमात दाखवलंय तसंच घडलं का?

बरंचसं, पण दोन ठिकाणी मीठ लावलंय. शेवटी हेडन कोर्टात मृत सैनिकांची नावं वाचतो, तसं झालं नाही. नावं वाचायचा प्रयत्न डेलिंजर यांनी केला होता, १५ ऑक्टोबर १९६९ रोजी, म्हणजे खटल्याच्या सुरुवातीच्या दिवसांत. दुसरं बॉबी सील यांचं. त्यांचे वकील शस्त्रक्रियेमुळे आले नव्हते, म्हणून ते स्वतः आपली बाजू मांडू देण्याची मागणी करत होते. त्यांना खुर्चीला बांधून तोंडात बोळा कोंबला, तो काही मिनिटांपुरता नव्हता. भर कोर्टात ते काही दिवस चाललं. यिप्पींच्या चाळ्यांच्या आठवणी हसत हसत सांगणारे इथे आवाज खाली आणतात. गोऱ्या पोरांनी कोर्टात फाजीलपणा केला तर तो किस्सा होतो आणि काळा माणूस कायद्याने हक्क मागतो तर त्याला साखळी लागते, हे त्या एका खोलीत सगळ्यांसमोर दिसलं.

यिप्पींचा आणि दलित पँथरचा काही संबंध?

थेट नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तिने नाव आणि स्फूर्ती घेतली ती सील यांच्या ब्लॅक पँथरकडून. यिप्पींकडून नव्हे. राष्ट्रध्वजावरून झालेला गदारोळ मात्र दोन्हीकडे आहे. हॉफमनला १९६८ मध्ये अमेरिकन झेंड्याचा शर्ट घातल्याबद्दल अटक झाली. आपल्याकडे ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२च्या अंकातल्या राजा ढाले यांच्या लेखावरून रान उठलं. पण ढाले दलित स्त्रीच्या अब्रूबद्दल लिहीत होते आणि हॉफमन शर्ट घालून मिरवत होता. दोघांना एका तागडीत टाकू नये.

गोव्यात आले ते यिप्पी होते का?

नाही, ते हिप्पी. हणजुणे, कळंगुटच्या किनाऱ्यावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून जे येऊन राहिले ते राजकारणाला कंटाळूनच घर सोडून आलेले. आपल्याकडे ‘हिप्पी’ घरोघरी पोचला तो त्यांच्यामुळे. पोराने केस वाढवले की आजोबांनी ‘हा काय हिप्पीकट’ म्हणून ओरडायचं. यिप्पीला कॅमेरा लागायचा आणि सरकारही लागायचं, चिडवायला. हणजुण्याच्या वाळूत तो दोन दिवसांत कंटाळला असता.

यिप्पींमध्ये बायका नव्हत्या का?

होत्या, आणि कामाचा मोठा वाटा त्यांचा होता. अनिता हॉफमन आणि नॅन्सी कुर्शान पहिल्या रात्रीपासून होत्या. ज्यूडी गंबो नंतर आली. खटल्यात मात्र एकीचंही नाव नाही, कारण सरकारलाही पुढारी म्हणजे पुरुषच दिसत होते आणि यिप्पी पुरुषांनाही. सुरुवातीच्या यिप्पींपैकी रॉबिन मॉर्गन हिने सप्टेंबर १९६८ मध्ये मिस अमेरिका स्पर्धेबाहेरचं गाजलेलं निदर्शन उभं केलं. तंत्र सगळं यिप्पींचं: सोंग, घोषणा, कॅमेरा. १९७० मध्ये तिने या डाव्या पुरुषांना जाहीर रामराम ठोकला.

मग यप्पी कुठून आले?

यप्पी म्हणजे ऐंशीच्या दशकातले शहरी, भरपूर पगाराचे, ब्रीफकेसवाले तरुण. शब्द छापून येऊ लागला १९८० च्या आसपास, पण तो उचलला गेला जेरी रुबिनमुळे. हा गडी चक्क वॉल स्ट्रीटवर नोकरीला लागला आणि उद्योजकांच्या ओळखी जुळवणाऱ्या मेजवान्या भरवू लागला. १९८३ मध्ये बॉब ग्रीन या स्तंभलेखकाने ‘यिप्पीचा यप्पी झाला’ अशा अर्थाचं लिहिलं आणि शब्द रुळला. हॉफमन आणि रुबिन मग ‘यिप्पी विरुद्ध यप्पी’ असे वादविवादाचे जाहीर कार्यक्रम करत विद्यापीठांतून फिरले. मानधन दोघांनाही मिळायचं.

शेवटी या सगळ्यांचं झालं काय?

१९७० च्या ऑगस्टमध्ये काहीशे यिप्पींनी डिस्नेलँडमधलं टॉम सॉयर बेट ‘ताब्यात’ घेतलं आणि पार्क लवकर बंद करावा लागला. तो शेवटचा मोठा तमाशा. १९७२ मध्ये मायामीच्या अधिवेशनांच्या वेळी ‘झिप्पी’ म्हणवणारा गट फुटून निघाला. हॉफमन-रुबिन म्हातारे झाले, हा त्यांचा आक्षेप.

हॉफमन १९७३ मध्ये कोकेन विकल्याच्या आरोपात अडकला आणि पुढच्या वर्षी फरार झाला. नाक शस्त्रक्रियेने बदललं, नाव बॅरी फ्रीड घेतलं आणि सेंट लॉरेन्स नदीकाठी जाऊन राहिला. तिथेही गप्प बसवेना. लष्कराचे अभियंते नदी खोदणार म्हणताच याने ‘नदी वाचवा’ मोहीम सुरू केली, आणि पोलिसांना हवा असलेला हा माणूस सिनेटच्या उपसमितीपुढे टोपणनावाने साक्ष देऊन आला. १९८० मध्ये शरण आला. १२ एप्रिल १९८९ रोजी त्याने गोळ्या घेऊन आयुष्य संपवलं. रुबिन १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्शायर बुलेव्हार्डवर सिग्नल सोडून मधूनच रस्ता ओलांडताना गाडीखाली आला आणि दोन आठवड्यांनी गेला. क्रास्नर २०१९ पर्यंत होता, आणि नाव कसं सुचलं ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता.

ही नुसती स्टंटबाजी होती, असं नाही वाटत?

वाटतं, आणि तसं म्हणणारे तेव्हाही होते. शिकागोच्या गोंधळानंतर निवडणूक निक्सन जिंकले आणि युद्ध आणखी काही वर्षं चाललं, हे नाकारता येत नाही. पण चुकीच्या मोजपट्टीने मोजू नका. यिप्पींनी युद्ध थांबवलं नाही, ते काम कंटाळवाण्या सभा घेणाऱ्या, सैन्यभरती नाकारून तुरुंगात जाणाऱ्या आणि युद्धावरून परत येऊन विरोधात बोलणाऱ्या हजारोंनी केलं. यिप्पींनी सत्तेपुढे हसायचं कसं ते दाखवलं. आज कुठल्याही देशात आंदोलक मंत्र्याचा पुतळा करून त्याची मिरवणूक काढतात, तेव्हा कॅमेरा कुठे आहे ते आधी बघतात. ते बघायची सवय ज्यांनी लावली त्यांत यिप्पींचा नंबर फार वरचा. आणि सत्तेनेही तीच युक्ती उचलली, हा त्याचा दुसरा भाग. आता सोंगं दोन्ही बाजूंनी निघतात.

मराठीत लिहायचं कसं?

यिप्पी. बहुवचनातही यिप्पीच. पुढे ‘ज्’ किंवा ‘झ’ लावू नये. ‘युप्पी’ असं लिहिलंत तर कुठला शब्द म्हणायचा होता ते वाचणाऱ्याला कळणार नाही, म्हणून तिसऱ्यासाठी ‘यप्पी’ ठेवावा.